निरोपाच्या वाटेवरचं ओर्व्हिएतो

त्या काळी शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांचा मोठा प्रवास एकच असायचा. दोन-तीन वर्षांची रजा साठवायची, बॅगा शिगोशीग भरायच्या आणि मुंबईला जायचं. वाटेत लंडन किंवा फ्रँकफर्ट लागे, पण ते विमानतळाच्या काचेतून. युरोपात उतरून चार दिवस हिंडावं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही येत नसे. म्हणून एका एप्रिलमध्ये, नेपरव्हिलच्या आमच्या घराबाहेर अजून बर्फाचे मळकट ढीग असताना, दिलीप म्हणाला, "जाताना आम्ही रोमला थांबतोय. तुम्हीही या. एकदा नाशिकला पोचलो की मग कसलं रोम आणि कसलं काय," तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मोहनने मात्र दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

मोहन माझा नवरा. तो आणि दिलीप एमएससाठी एकाच वर्षी इलिनॉयला आले. दोघं एका तळघरातल्या खोलीत राहिले. दोघांत मिळून एक जुनी स्टेशनवॅगन होती, तिचा हीटर चालत नसे, म्हणून जानेवारीत दोघं अंगावर रजया घेऊन ड्राइव्ह करत. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी दिलीपची बायको उषाही आली. पोळ्यांना इथलं कोणतं पीठ चालतं, दही विरजायला भांडं कुठे ठेवायचं, हे सगळं आम्ही दोघी एकमेकींच्या स्वयंपाकघरात शिकलो. त्यांना ऋता झाली. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे ऋता निम्मी आमच्याकडेच वाढली.

आणि आता ते परत निघाले होते. दिलीपची आई नाशिकला एकटी होती आणि त्याला स्वतःचा छोटा कारखाना काढायचा होता. दोन्ही कारणं खरी होती. फक्त नऊ वर्षांच्या ऋताला त्यांनी सांगितलं होतं, की आपण एका वर्षासाठी जातोय.

"मैत्रिणींचा निरोप घेताना रडून जीव देईल ती," उषा म्हणायची. "तिथे गेल्यावर हळूहळू सांगू." ऋताला मराठी यायचं ते जेवणाखाण्यापुरतं. त्यामुळे तिच्यासमोर बोलायचं झालं की हे दोघं एकदम शुद्ध मराठीत शिरत. 'परत जाणं' म्हणायचं नाही, 'प्रस्थान' म्हणायचं. सामान विकणं नाही, 'निरवानिरव'. आम्हीही हसत हसत त्यात सामील झालो होतो.

रोमबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही. तीन दिवस आम्ही खांब आणि कमानी बघितल्या. तिसऱ्या संध्याकाळी उषाने चपला काढून पाय टबात सोडले आणि म्हणाली, "मला आता पडकं काही दाखवू नका. जिथे माणसं राहतात असं काहीतरी दाखवा." हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी ओर्व्हिएतोचं नाव सुचवलं. रोमपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, डोंगरावर वसलेलं जुनं गाव.

गाडीतून उतरून वर बघितलं आणि मी जागच्या जागी थांबले. मी कोल्हापूरची. कडा सरळ तुटलेला, वर सपाटी, आणि त्या सपाटीवर कड्याला अगदी टेकून उभी राहिलेली घरं. "मोहन," मी म्हटलं, "हा तर पन्हाळा."

"पन्हाळ्यावर चर्च नाही," मोहन म्हणाला.

"बाकी सगळं आहे."

स्टेशनवरून वर जायला बस होती. ती वळणं घेत चढू लागली तशी ऋता माझ्या मांडीला टेकून बसली. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि मी तिच्याशी मराठीत. आमचं कधी अडलं नाही. तिची पाचवी बुडणार होती, त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. "पण शैलामावशी, सिक्स्थ ग्रेडला प्रत्येकाला लॉकर मिळतो," ती म्हणाली. "आकडे जुळवले की उघडतो तो. मी वेळेत परत येईन." पुढच्या सीटवर उषाची मान क्षणभर ताठ झाली. मी ऋताच्या केसांतली पिन नीट केली आणि खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे दाखवले.

वरचं गाव मला फार आवडलं. रस्ते इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागावीत. मधाच्या रंगाचा दगड. खिडक्यांखाली कुंड्या, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि कुठूनतरी कांदा परतल्याचा वास. त्या वासाशी आम्ही चौघंही रेंगाळलो. नेपरव्हिलला खिडक्या बंद असतात, शेजारी काय शिजतंय ते कधी कळत नाही.

एका वळणावर अचानक ते प्रसिद्ध चर्च समोर आलं. पुढची बाजू सोनेरी चित्रांनी भरलेली, उन्हात डोळे दिपवणारी, आणि बाजूच्या भिंती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. ऋता म्हणाली, "झेब्रा." दिलीपने तिला खांद्यावर घेतलं, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. ती आता मोठी झाली होती. दोघं पायरीवर बसले आणि बराच वेळ हसत राहिले. मोहनने त्यांचा फोटो काढला. तो आमच्याकडे अजून आहे, जरा हललेला.

बाराच्या सुमारास आम्ही जेवायला जागा शोधत होतो. एका दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. मोहनच्या डोक्यावर शिकागोच्या बेसबॉल टीमची टोपी होती. म्हाताऱ्याने ती बघितली आणि अगदी आमच्या पोस्टमनसारख्या इंग्रजीत विचारलं, "टीम यंदा तरी जिंकतेय का?"

"नाही," मोहन म्हणाला.

"छान. म्हणजे काही बदललं नाही."

त्याचं नाव पिएत्रो. तरुणपणी तो शिकागोला गेला होता, पंचवीसेक वर्षं तिथे बेकरीत काम करून बायकोसह परत आला होता. घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून तो लोकांना जेवू घालायचा. आम्ही शिकागोहून आलोय म्हटल्यावर त्याने आम्हाला टेबलावर न बसवता सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथे बायको रोझा कणीक मळत होती आणि तिच्यामागे, त्या बुटक्या खोलीत न मावणारा, कोपरे गोल असलेला एक प्रचंड पांढरा फ्रिज उभा होता. "शिकागोहून जहाजाने आणला," पिएत्रो म्हणाला. फ्रिजशेजारी व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर घूंऽ करत होता. "पहिल्या वर्षी अख्खं गाव बघून गेलं."

उषा पक्की शाकाहारी. तिने 'नो मीट, नो फिश, नो एग' हे इतक्या वेळा सांगितलं की रोझाने हसून तिचा हात धरला आणि तिला ओट्याशी नेऊन पातेल्यातला टोमॅटोचा रस्सा दाखवला. कणकेच्या जाडसर शेवया ती हातावर वळत होती, आपल्याकडे बायका वळतात तशाच, फक्त चांगल्या वीतभर लांब. मग ब्रेड आला. पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. ब्रेड साफ अळणी होता.

"विसरले असतील," उषा मला हळूच म्हणाली.

पिएत्रोला ते चेहऱ्यावरूनच कळलं. "आमचा ब्रेड असाच असतो. कोणे एके काळी पोपने मिठावर कर लावला, म्हणून आमच्या लोकांनी ब्रेडमध्ये मीठ घालणंच सोडलं, असं सांगतात."

"आमच्याकडे मिठावर कर लागला तेव्हा लोक समुद्रावर मीठ उचलायला चालत गेले," दिलीप म्हणाला. पिएत्रोला हे इतकं आवडलं की त्याने रोझाला ते इटालियनमध्ये दोनदा सांगितलं.

उषाने पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली. रोझाने बोटाने चाटून बघितली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने पुन्हा बोट घातलं. मग तिने चटणीत ऑलिव्हचं तेल ओतून ती ब्रेडला लावली. आम्ही सगळ्यांनी ती तशी खाल्ली. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी लसणीच्या चटणीवर गोडं तेल पडलं नाही, ऑलिव्हचंच पडलं.

दिलीपचे दोन ग्लास झाले होते. गावची वाइन पांढरी, गार, जरा गोडसर. तो खुशीत होता. पिएत्रोने विचारलं, "व्हेकेशन?"

"नो," दिलीप म्हणाला. "वी आर गोइंग होम. फॉर गुड."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कायमचे जातोय, हे आपण इंग्रजीत बोललो. ऋताचा काटा ताटलीतच थांबला. तिने वडिलांकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग मान खाली घालून एक एक शेवई सोडवत बसली.

पिएत्रोला यातलं काय माहीत. तो आपल्याच आठवणीत होता. "मी पण फॉर गुड आलो," तो म्हणाला. "मुलं तिथेच राहिली, त्यांची लग्नं झाली होती. इथे पहिला हिवाळा फार वाईट गेला. रोज किल्ल्याच्या तटावर जायचो आणि खालून जाणारी आगगाडी बघत बसायचो." रोझा त्याच्याकडे न बघता इटालियनमध्ये काहीतरी बोलली. तो हसला. "ती म्हणते, दुसरा हिवाळाही."

"आणि मग?" दिलीपने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"मग काय. पुढच्या खोलीत टेबलं मांडली. लोक जेवायला यायला लागले, तटावर जायला वेळच मिळेना."

निघताना रोझाने ऋताच्या गालाला हात लावला. ऋता बाजूला झाली.

गावाच्या टोकाला, किल्ल्याजवळ, ओर्व्हिएतोची जुनी विहीर आहे. वेढा पडला तर गडावर पाणी हवं म्हणून एका पोपने ती खणवली. ही काळजी आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती, पन्हाळ्यावरची अंधारबाव मी लहानपणी पाहिलेली. पण या विहिरीची तऱ्हा निराळी. तिला गोल फिरत जाणारे दोन जिने आहेत, एक उतरायचा, एक चढायचा. पाणी आणायला खेचरं एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने भरलेल्या पखाली घेऊन वर येत, म्हणजे वाटेत गर्दी नको. दोन्ही जिन्यांना विहिरीच्या पोकळीकडे खिडक्या आहेत. उतरणाऱ्याला समोरच्या खिडकीतून चढणारा दिसतो.

दिलीप आणि उषा वरच्या बागेत बाकावर बसले. त्यांना एकमेकांशी बोलायचं होतं, ते दिसतच होतं. मोहन आणि मी ऋताला घेऊन खाली निघालो. ती आमच्या पुढे. जसं उतरत गेलो तसा गारवा वाढला, भिंतींना शेवाळ दिसू लागलं. तळाशी पाण्यावर छोटासा पूल होता. वर बघितलं तर आकाश ताटलीएवढं.

पूल ओलांडून ऋता चढायच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. "आय ॲम नॉट गोइंग अप," ती म्हणाली.

"थंडी वाजेल गं," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं, मावशी?"

"हो."

"मोहनकाकाला?"

मोहनने मान डोलावली. तिने दोन्ही हातांनी गुडघे धरले. "यू गाइज लाइड इन मराठी," ती म्हणाली.

मोहन म्हणाला, "मी दिलीपला पाठवतो," आणि चढायला लागला. आम्ही दोघी खाली बसून राहिलो. इतर माणसं येत होती, पाण्यात नाणी टाकत होती आणि ऋताला वळसा घालून वर जात होती. ती कोणासाठी सरकली नाही.

थोड्या वेळाने समोरच्या बाजूला, खूप वर, एका खिडकीत दिलीपचा निळा शर्ट दिसला. मग नाहीसा झाला. मग त्याखालच्या खिडकीत दिसला. तो धावतच उतरत असावा. ऋता त्या खिडक्यांवरची नजर काढत नव्हती, आणि तरी तो पुलावर आला तेव्हा तिने तोंड फिरवलं.

दिलीप तिच्या शेजारी बसला. त्याला धाप लागली होती. मी पुलापाशी सरकले, पण विहिरीत प्रत्येक शब्द घुमत होता, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"ऋता, आय ॲम सॉरी," तो म्हणाला.

तिने बुटाच्या टोकाने पायरीवरचं शेवाळ खरवडलं. मग म्हणाली, "प्रस्थान मीन्स व्हॉट?"

दिलीप दचकला. "म्हणजे निघणं. लीव्हिंग."

"निरवानिरव?"

"सगळं आवरून टाकणं. देऊन टाकणं."

"एवढ्यात नको?"

"नॉट यट," तो हळूच म्हणाला. "तुला एवढ्यात सांगायला नको, असं."

तिने सगळे शब्द जपून ठेवले होते. बंद दाराबाहेर, गाडीच्या मागच्या सीटवर, आमच्या घरी जेवणाच्या टेबलाशी ऐकलेला एकेक शब्द ती अचूक उच्चारत होती, आणि तिचा बाप त्याचा अर्थ सांगत होता. इतके महिने आम्ही समजत होतो की हिला कळत नाही. अर्थ कळत नव्हता, पण आपल्याबद्दलच चाललंय हे तिला कधीच कळलं होतं.

"रुळेल?" तिने विचारलं. "आई फोनवर म्हणाली. रुळेल ती."

दिलीपला तो शब्द इंग्रजीत सांगता येईना. "रूळ म्हणजे रेल," तो म्हणाला. "गाडी रुळावर बसते ना, तसं. तुला तिथली सवय होईल, असं."

"आणि नाही झाली तर?"

तो पाण्याकडे बघत राहिला. हो-हो, होईल, असं कोणीही म्हणालं असतं. दिलीप म्हणाला, "मला माहीत नाही, बाळा. मलाही तिथे सवय होईल की नाही, माहीत नाही. मी पण खूप वर्षांनी जातोय. पण नाही झाली तर तू मला सांग. मी खोटं बोलणार नाही आता. मराठीत पण नाही, इंग्रजीत पण नाही."

ऋता रडली नाही, निदान मला तरी दिसलं नाही. काही वेळाने ती उठली. "मला बाथरूमला जायचंय," ती म्हणाली आणि तरातरा जिना चढू लागली. दिलीप तिच्यामागे. मी सगळ्यात शेवटी, दर खिडकीशी थांबत, गुडघे धरत.

वर उन्हात उषा उभी होती. ऋता तिच्याजवळ गेली नाही, पण लांबही गेली नाही. आम्ही बागेच्या कठड्याशी आइस्क्रीम खाल्लं. खाली दरीत ऑलिव्हची झाडं, नदीची रेघ आणि स्टेशन. ऊन कलतं झालं तसा गावाचा दगड मधासारखा न दिसता भाजलेल्या पावासारखा दिसू लागला. दिलीप आणि मोहन कठड्यावर कोपरं टेकून शेजारी उभे होते. स्टेशनवॅगनबद्दल बोलत होते, ती शेवटी कोणाला विकली, यावरून त्यांचं एकमत होत नव्हतं. मी ऐकत होते आणि हा दिवस जरा लांबावा असं मला वाटत होतं. तो तसा लांबलाही. शेवटची बस चुकली आणि आम्ही डोंगरउतारावरून पायवाटेने, गवतातून, चपला हातात घेऊन स्टेशनवर पोचलो. रोमच्या गाडीत ऋता उषाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

ऋता रुळली का, असं मला अजूनही लोक विचारतात. पहिलं वर्ष ती वर्गात कोणाशी धड बोलली नाही. मग एक मैत्रीण मिळाली, मग सायकल, मग नदीवर पोहणं. कॉलेजच्या वयात ती आमच्याकडे येऊन राहिली, दोन वर्षं शिकली, आणि स्वतःच ठरवून नाशिकला गेली. आता तिथे जनावरांची डॉक्टर आहे. तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

पण ते पुष्कळ पुढचं. तेव्हा, दुसऱ्या दिवशी, रोमच्या विमानतळावर त्यांचं मुंबईचं विमान आधी सुटलं आणि आमचं शिकागोचं नंतर. निरोप कसा घेतला ते मला नीट आठवत नाही. उषाचा पदर माझ्या पर्सच्या बकलात अडकला होता आणि तो सोडवण्यातच वेळ गेला, एवढं आठवतं.

नेपरव्हिलला आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी ओट्याशी उभी होते. मोहनने भिंतीवरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला. शनिवारी सकाळी दिलीपला फोन करायचा, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. मी काही म्हणायच्या आत पलीकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज ऐकू आला, की हा नंबर आता बंद आहे. मोहनने ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रिसीव्हर जागेवर ठेवला.

"शैला," तो म्हणाला, "दिलीपने जायचं ठरवलं. आपण राहायचं कधी ठरवलं?"

मी आठवून बघितलं. नोकरी लागली तो दिवस आठवला, घराच्या किल्ल्या मिळाल्या तो दिवस आठवला. दोन वर्षं अजून, असं दर दोन वर्षांनी म्हटलेलं आठवलं. पण ठरवल्याचं काही आठवेना.

"ठरवलंच नाही," मी म्हटलं.

त्याने चहाचे कप उचलले आणि आम्ही मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. दुपारपर्यंत बसलो. त्याची आई, माझे भाऊ, न झालेलं मूल, म्हातारपण, बर्फ, सगळं बोलून झालं. बरंच काही आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच सांगत होतो. उठलो तेव्हा राहायचं ठरलं होतं, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी आम्ही नर्सरीत गेलो आणि सफरचंदाचं एक रोप घेतलं. आमच्या मागच्या अंगणात तोवर नुसतं गवतच होतं. नर्सरीतल्या बाई म्हणाल्या, फळ धरायला चार-पाच वर्षं तरी लागतील.

"चालेल," मोहन म्हणाला.